दुर्बिणीतून मणक्याची शस्त्रक्रिया : पाणी आणि सक्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ओटी टेक्निशियन, स्क्रब सिस्टर आणि नवे रेसिडेंट डॉक्टर पुन्हापुन्हा पाठवतात. शेवटचा पेशंटच्या घरच्यांचा आहे. उत्तरं कमरेच्या मणक्याला धरून लिहिली आहेत. मानेच्या आणि छातीच्या भागात हत्याराच्या टोकाशी मज्जारज्जूच असतो, त्यामुळे तिथे दाबाची मर्यादा आणखी कडक. तुमच्याकडची पद्धत इथल्यापेक्षा वेगळी असेल, तर तुमच्या सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना केस सुरू होण्याआधी विचारून घ्या.

१. दुर्बिणीच्या सगळ्याच ऑपरेशनांत पाणी सोडतात का?

नाही. एक प्रकार कोरडा असतो. केविन फोली आणि मॉरिस स्मिथ यांनी १९९७ साली मांडलेली नळीतून करायची पद्धत किंवा फ्रान्समधल्या बोर्दोचे ज्याँ देस्तांदो यांची पद्धत या कोरड्या प्रकारात येतात. आत हवा असते. सलाइन सिरिंजने मारायचं आणि लगेच ओढून घ्यायचं. इथे सक्शन हे सर्जनच्या हातातलं महत्त्वाचं हत्यार.

दुसरा प्रकार ओला. एकाच छिद्रातून होणारी फुल-एंडोस्कोपिक शस्त्रक्रिया आणि दोन छिद्रांची यूबीई (युनिलॅटरल बायपोर्टल एंडोस्कोपी) यांत कॅमेरा पूर्ण वेळ वाहत्या सलाइनमध्ये असतो. पाणी भिंग स्वच्छ ठेवतं, हाडाचा चुरा वाहून नेतं, बर (हाड घासायचं फिरतं टोक) थंड ठेवतं आणि बारीक शिरांवर हलका दाब देऊन रक्त रोखतं. इथे सक्शनपेक्षा पाण्याचा बाहेर पडण्याचा रस्ता जास्त महत्त्वाचा (प्रश्न ५). दोन छिद्रांच्या पद्धतीचं मूळ गुडघ्याच्या दुर्बिणीच्या तंत्रात आहे. अर्जेंटिनातल्या डी अँटोनी यांनी १९९६ मध्येच असा प्रयोग लिहून ठेवला होता.

२. सलाइन संपलं तर डिस्टिल्ड वॉटर लावलं तर चालेल का?

कधीच नाही. डिस्टिल्ड वॉटर शरीरात शोषलं गेलं की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि सोडियम उतरतं. ०.९ टक्के नॉर्मल सलाइनच लावा. दोन्ही पिशव्या लांबून सारख्याच दिसतात, म्हणून लावणाऱ्याने नाव मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्या कुणीतरी ऐकून होकार द्यावा. पाच सेकंदांचं काम आहे.

३. किती पिशव्या काढून ठेवू?

पाणी सतत वाहत असल्यामुळे हिशोब वेळेवर चालतो. केस लांबली की ३ लिटरच्या पिशव्या भराभर संपतात. वाय (Y) आकाराच्या नळीवर दोन पिशव्या लावा, एक संपत आली की दुसरी उघडा आणि रिकामी लगेच बदला. पिशवी कोरडी पडली की आतला दाब एकदम जातो, दाबून राहिलेल्या शिरा वाहू लागतात आणि नळीतली हवा बुडबुडे होऊन भिंगासमोर येते. त्या अर्ध्या मिनिटात सर्जनला काहीच दिसत नसतं आणि त्याच्या हातात चालू हत्यार असू शकतं. पिशवी बदलण्याआधी तसं सांगा.

४. पिशवी नेमकी किती उंच टांगायची? कुणी म्हणतं अर्धा मीटर, कुणी म्हणतं छताला लावा.

आकडा पाठ करण्यापेक्षा हिशोब समजून घ्या. पाण्याचा १.३६ सेंटिमीटरचा स्तंभ म्हणजे १ मिमी पाऱ्याचा दाब. पेशंटच्या पाठीपासून पिशवीतल्या पाण्याची पातळी ४० सेंटिमीटर वर असेल, तर दाब सुमारे ३० मिमी. ५० सेंटिमीटरला सुमारे ३७. एक मीटरला ७३ च्या वर. आडव्या झोपलेल्या मोठ्या माणसात मेंदूभोवतालच्या द्रवाचा दाब साधारण ७ ते १५ मिमी असतो, आणि ड्युरा म्हणजे त्याच द्रवाची पिशवी. बाहेरून ७३ चा दाब तिच्यावर बराच वेळ राहिला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. यूबीई करणारे बहुतेक सर्जन ३० मिमीच्या आसपास राहतात.

आता यातला बारकावा. पाणी मोकळं वाहत असतं तेव्हा नळी, तोट्या आणि कॅमेऱ्याची म्यान यांत दाबाचा बराच भाग खर्च होतो, त्यामुळे टोकाशी कमी पोचतो. बाहेरचा रस्ता बंद झाला की वाहणं थांबतं, मधला खर्चही थांबतो आणि स्टँडच्या उंचीचा पूर्ण दाब थेट ड्युरावर येतो. एक मीटरवर टांगून तासभर काहीच न होणं आणि मग दहा मिनिटांत घोटाळा होणं, या दोन्ही गोष्टी एकाच केसमध्ये घडू शकतात, त्या यामुळे.

उंची टेबलापासून मोजू नका, शस्त्रक्रियेच्या जागेपासून मोजा. टेबल खाली घेतलं की दाब वाढतो, हे टेबल हलवणाऱ्यालाही माहीत असलं पाहिजे.

पंप वापरत असाल तर आधीचं सेटिंग पाहा. अनेक ठिकाणी तोच पंप खांद्याच्या आणि गुडघ्याच्या केसला जातो, आणि तिथला दाब याहून बराच जास्त ठेवलेला असतो. पिशवीला प्रेशर कफ बांधणं किंवा ती हाताने पिळणं या शस्त्रक्रियेत नको.

५. पाणी आत जातंय, पण बाहेर कमी येतंय. थांबवायचं का?

हो. आधी सर्जनला सांगा, मग कारण शोधा. या पानावरचा एकच प्रश्न लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. आत किती गेलं ते मॉनिटरवर, पिशवीवर, पंपावर दिसतं. बाहेर किती आलं हे कुठलंच यंत्र सांगत नाही, ते माणसाने बघायचं असतं. ऑपरेशन करणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात, म्हणून हे काम सिस्टर आणि टेक्निशियनचं आहे असं मी मानते, आणि ते कुणाकडे आहे हे केस सुरू होण्याआधी नाव घेऊन ठरवावं.

यूबीईत पाणी कॅमेऱ्याच्या छिद्रातून आत जातं आणि हत्याराच्या छिद्रातून बाहेर येतं. स्नायूवरचं जाड आवरण पुरेसं कापलेलं नसेल, तर बाहेरचं छिद्र स्नायूंनी मिटतं. हत्यार बाहेर काढल्यावर धार येते आणि आत घातल्यावर थांबते, असं दिसलं तर अडथळा तिथेच समजा. सर्जन आवरणाचा छेद वाढवतात किंवा अर्धगोल नळी आत ठेवून रस्ता उघडा ठेवतात. फुल-एंडोस्कोपिकमध्ये एकच अरुंद वाट असते. जाड हत्यार आत गेलं की तीच भरते, म्हणून बाहेरची तोटी उघडी आहे ना, हे दर वेळी बघायचं.

रस्ता बंद असताना आरएफ प्रोब (रेडिओ लहरींच्या उष्णतेने शीर बंद करणारं हत्यार) चालवला तर आणखी एक धोका. साचलेलं पाणी तापतं आणि शेजारच्या नसेला भाजतं.

ड्रेपच्या (पेशंटवर अंथरलेल्या निर्जंतुक कापडाच्या) खाली बादलीत पडणारी धार मधूनमधून बघत राहा. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं पाणी यांत मोठा फरक दिसू लागला तर तो आकडा भूलतज्ज्ञांना सांगा.

६. जागेपणी ऑपरेशन चालू असताना पेशंट म्हणतो, "मान दुखतेय." पालथं झोपल्यामुळे असेल का?

असेलही, पण आधी पाणी थांबवा. कमरेत काम चालू असताना मान दुखणं किंवा डोकं जड होणं ही दाब वर चढल्याची खूण असू शकते. जागेपणी केलेल्या शस्त्रक्रियांत आकडी येण्याआधी पेशंटने मान दुखत असल्याचं सांगितल्याच्या नोंदी आहेत. पाणी बंद करून, बाहेरचा रस्ता मोकळा करून काही मिनिटं थांबलं की दुखणं उतरतं का ते बघायचं. "थोडं सहन करा काका" हे वाक्य इथे नको.

पूर्ण भूल दिलेली असेल तर पेशंट बोलू शकत नाही. तिथे खुणा मॉनिटरवर दिसतात. कारण नसताना रक्तदाब चढणं, नाडी बदलणं, भूल उतरायला उशीर होणं. म्हणून पाणी सुरू केल्याची वेळ आणि दाब भूलतज्ज्ञांच्या कागदावर असावा.

७. रक्त आलं आणि काहीच दिसेना. दाब वाढवू?

सर्जनने सांगितल्याशिवाय नाही. दिसेनासं होण्याचं कारण बरेचदा दाब कमी असणं हे नसतंच. पाणी वेगाने बाहेर पडताना आत भोवरे होतात आणि रक्त ढवळलं जातं. फुल-एंडोस्कोपिकमध्ये हत्याराच्या वाटेचं तोंड बोटाने क्षणभर झाकलं की भोवरा थांबतो आणि रक्त कुठून येतंय ते दिसतं. मग आरएफने ती शीर बंद करतात, हाडातून येत असेल तर बोन वॅक्स, पसरट झिरपत असेल तर जिलेटिन-थ्रॉम्बिन.

कधीकधी सर्जन स्वतः दाब थोडा वेळ वाढवायला सांगतात. त्या वेळी घड्याळ बघा आणि काम झालं की "दाब खाली आणू का?" असं तुम्हीच विचारा. वाढवलेला दाब तसाच राहून जाणं हा नेहमीचा धोका आहे.

८. पिशवीत अ‍ॅड्रेनालिन घालतात ना? मग ट्रानेक्सामिकही घालायचं का?

गुडघ्याच्या दुर्बिणीत ३ लिटर सलाइनमध्ये १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन घालण्याची रीत आहे, तिथूनच हा प्रश्न येतो. मणक्यात घालायचं की नाही, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवायचं, आणि घातलं तर पिशवीवर औषध, मात्रा आणि वेळ लिहायची.

ट्रानेक्सामिक म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध. त्याबाबत मी जास्त कडक आहे. हे औषध चुकून ड्युराच्या आत गेलं तर तीव्र आकड्या येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. ज्या शस्त्रक्रियेत ड्युरा फाटण्याची शक्यता कायम असते, तिथे ते वाहत्या पाण्यात मिसळू नये. शिरेतून देणं हा वेगळा विषय आहे.

९. सक्शन टिपचे नंबर कसे लावायचे? मोठा नंबर म्हणजे बारीक की जाड?

जाड. हे नंबर फ्रेंच मापात असतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. ९ नंबरची टिप ३ मिमी, १२ नंबरची ४ मिमी. सुईच्या गेजमध्ये उलट असतं, तिथे नंबर वाढला की सुई बारीक होते. नव्या मुलांचा गोंधळ तिथेच होतो.

आपण जिला फ्रेझियर म्हणतो ती फिलाडेल्फियाचे न्यूरोसर्जन चार्ल्स फ्रेझियर यांच्या नावाची. पकडीवरचं अंगठ्याचं भोक हा तिचा जीव आहे. भोक उघडं ठेवलं की हवा तिथून शिरते आणि टोकाशी ओढ कमी होते, झाकलं की पूर्ण ओढ. हाड आणि स्नायूंवर जाड टिप, ड्युरा दिसू लागला की बारीक, आणि अंगठा भोकावरून बाजूला. जाड डोक्याची यांकौर घसा आणि तोंडासाठी आहे. ती भूलतज्ज्ञांच्या ट्रॉलीवर ठेवा.

१०. नळीतून काम करताना वाकडी सक्शनच का मागतात?

सरळ टिप धरली तर सर्जनचा हात मायक्रोस्कोपच्या किंवा कॅमेऱ्याच्या रेषेत येतो. बायोनेट म्हणजे मधे पायरीसारख्या वाकलेल्या आकारात मूठ बाजूला राहते आणि टोक समोर. लांबी नळीपेक्षा जास्त हवी, म्हणून नळी निवडली की त्याच वेळी सक्शनही तिच्याशी लावून बघा.

११. नसेजवळ सक्शन नेलं तर नस ओढली जाते का?

जाते, आणि ड्युराही. म्हणून उघड्या नसेवर उघडी टिप धरत नाहीत. मधे ओली कॉटन पॅटी (दोरा लावलेली कापसाची छोटी पट्टी) ठेवतात आणि सक्शन पॅटीवर चालवतात. पाणी पॅटीतून ओढलं जातं आणि खाली काही अडकत नाही. पॅटी दोऱ्यासकट मोजून द्या आणि मोजून घ्या. १८ मिमीच्या नळीत रक्ताने भिजलेली पॅटी सहज नजरेआड होते.

१२. बर चालू असताना पाणी किती मारायचं?

सतत, थेंबथेंब, बरच्या टोकावर. हाडाचं तापमान ४७ अंशांवर एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते, असं एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये दाखवलं. डायमंड बर कापण्यापेक्षा घासतो, म्हणून जास्त तापतो. सिरिंज रिकामी झाली की आधी बोला, म्हणजे सर्जन बर थांबवेल. सक्शन बरच्या शेजारी असावं, पण फिरत्या टोकाला लागेल इतकं जवळ नको. ओल्या प्रकारात थंडावा आपोआप मिळतो, फक्त चुऱ्याचं धुकं होतं. तेव्हा प्रश्न ५ पाहा.

१३. ड्युरा फाटला. आता पाणी आणि सक्शनचं काय?

दोन्ही सौम्य करा. पाण्याचा दाब ताबडतोब खाली आणायचा, कारण आता ते पाणी थेट आतल्या द्रवात शिरू शकतं. फाटलेल्या जागेवर सक्शन अजिबात नाही. नसांचे बारीक धागे भोकातून बाहेर येऊन टिपमध्ये ओढले जातात, आणि ही इजा भरून निघत नाही. कोरड्या पद्धतीत फटीवर पॅटी ठेवून, अंगठा भोकावरून काढून, कडेने पाणी ओढतात. पुढे टाका घालायचा, पॅच लावायचा की मोठा छेद घेऊन दुरुस्त करायचं, हे सर्जन ठरवतील. टेबलावर मात्र पॅच, फायब्रिन ग्लू आणि बारीक टाक्यांचं सामान आधीपासून तयार असलं पाहिजे.

१४. सक्शन मधेच ओढेनासं होतं. आधी काय बघू?

टिप, मग नळी, मग बाटली, मग मशीन. दहापैकी नऊ वेळा टिपमध्ये हाडाचा किंवा गादीचा तुकडा अडकलेला असतो. दर थोड्या वेळाने वाटीतलं सलाइन ओढून टिप धुवा, अडकलीच तर स्टायलेट (टिपच्या आत जाणारी बारीक तार) घाला. टेबलावर जोडायला तयार अशी दुसरी टिप ठेवा. बाटली भरली की तिच्यातली तरंगती झडप ओढ बंद करते, तो बिघाड समजू नका.

१५. आमच्याकडे एकच सक्शन मशीन आहे. भूलतज्ज्ञ आणि सर्जन वाटून घेऊ शकतात का?

नाही. पेशंट पालथा असतो. श्वासाची नळी सरकली किंवा पेशंटला उलटी झाली तर भूलतज्ज्ञांना त्याच क्षणी सक्शन लागतं. दुसरं विजेचं मशीन नसेल तर पायाने चालवायचं तरी हवं. वीज जाणाऱ्या ठिकाणी ते असायलाच हवं, जनरेटर असला तरी.

१६. बाटलीत ४ लिटर आहे. रक्त किती गेलं?

कोरड्या पद्धतीत मारलेलं सलाइन वजा केलं की अंदाज येतो, म्हणून प्रत्येक सिरिंजची नोंद ठेवा. ओल्या पद्धतीत ही वजाबाकी भरवशाची नाही. पाणी ड्रेपवर, जमिनीवर आणि स्नायूंत जातं. तिथे पाण्याचा रंग, नाडी, रक्तदाब आणि गरजेप्रमाणे हिमोग्लोबिन यांवरच विसंबावं लागतं.

१७. केस संपता संपता पेशंट कुडकुडतो. सलाइन गरम करू का?

शरीराच्या तापमानाइतकं, वॉर्मिंग कॅबिनेटमधून. मायक्रोवेव्हमध्ये किंवा गरम पाण्याच्या बादलीत नको, कारण तापमान कळत नाही. पेशंटच्या खालची ओली चादरही बघा. थंडी तिथूनच जास्त वाजते, आणि कॉटरीच्या (विजेने रक्त थांबवणाऱ्या यंत्राच्या) अंगाला चिकटवलेल्या प्लेटखाली पाणी गेलं तर भाजण्याचा धोका असतो.

१८. शेवटी बीटाडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन घेऊ का?

बीटाडीन पातळ करून, सर्जनने सांगितलं तर. मणक्याच्या शस्त्रक्रियेत अभ्यासलेली ताकद ०.३५ टक्के, तीन मिनिटं ठेवून मग सलाइनने धुणं. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर ३५ मिली घेऊन सलाइनने १ लिटर करा, ५ टक्क्यांचं असेल तर ७० मिली. हात धुण्याच्या स्क्रबमध्ये साबण असतो, ते जखमेत जाता कामा नये. ड्युरा उघडा असेल किंवा आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर बीटाडीन नकोच. क्लोरहेक्सिडिन नसांना घातक आहे.

पेरॉक्साइडला माझा स्पष्ट विरोध आहे. ३ टक्क्यांच्या १ मिलीतून सुमारे १० मिली ऑक्सिजन सुटतो. अरुंद, बंद जागेत तो शिरांमध्ये शिरून हृदयापर्यंत जाऊ शकतो. पाण्यात प्रतिजैविकं मिसळून जखम धुण्याचा फायदा दिसत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांतही ते करू नये असंच आहे.

१९. बारीक सक्शन टिप आतून खरंच स्वच्छ झाली हे कसं कळणार?

डोळ्यांनी कळत नाही, म्हणून पद्धत सोडायची नाही. केस संपताच टिपमधून थंड पाणी ओढा. गरम पाण्याने रक्त आत शिजून चिकटतं. सलाइनमध्ये भिजत ठेवू नका, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतच घाण राहते. मग एन्झाइमचं द्रावण, नळीच्या आतल्या मापाचा ब्रश पार दुसऱ्या टोकातून बाहेर येईपर्यंत, पुन्हा पाणी, आणि हवेने कोरडं करणं. स्टायलेट बाहेर काढून वेगळी ठेवा. पोकळ हत्यारांना प्री-व्हॅक्यूम ऑटोक्लेव्ह लागतो, १३४ अंशांवर. प्लाझ्मा स्टरलायझरला लांब आणि अरुंद पोकळीची मर्यादा असते, ती मशीनच्या पुस्तिकेत बघा. ब्रश अडकला तर टिप बाद.

२०. बाबांचं दुर्बिणीने ऑपरेशन झालं. ड्रेसिंग ओलं होतंय, पाठही फुगल्यासारखी वाटते. घाबरायचं का?

पहिल्या दिवशी फिकट लालसर पाणी झिरपणं आणि पाठ थोडी फुगणं नेहमीचं आहे. स्नायूंत मुरलेलं सलाइन शरीर शोषून घेतं. पण स्वच्छ पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येत असेल, उठून बसल्यावर डोकं दुखून आडवं झाल्यावर थांबत असेल, तर ते मणक्यातलं पाणी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाजूने छिद्र घेतलं असेल आणि पोट दुखून फुगत असेल, तरीही कळवा.

पायातली ताकद कमी होणं, लघवी तुंबणं किंवा बसण्याच्या जागेची संवेदना जाणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात न्या. आत रक्त साचून नसांवर दाब आला असेल, तर तो तासांच्या हिशोबाने काढावा लागतो, दिवसांच्या नाही.